सुपारी निवडायचं टेबल

एक टेबल करायला आम्हाला पाच महिने लागले असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग युसुफभाईंकडे. माझ्याकडे बघताना त्यांना वाटतं, बाईंना काम येत नसावं. युसुफभाईंकडे बघताना वाटतं, एवढा जुना सुतार, यांनी हे चालवून कसं घेतलं. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असा निरोप आला, तेव्हा सत्तावीस वर्षांची नोकरी बाजूला ठेवून मी या पाच महिन्यांबद्दलच लिहायचं ठरवलं. नोकरीत मी कागदावर जे काढलं ते बहुतेक जमिनीखालून जाणारे पाइप होते. ते बघायला कोणी येत नाही.

मी ड्राफ्ट्समन. बाईला काय म्हणायचं ते आमच्या कारखान्यात शेवटपर्यंत ठरलं नाही. म्हसळ्याच्या आतल्या एका गावात मी वाढले. घरात टेबल नव्हतं. वस्तीतल्या विहारात जमिनीवर पोतं अंथरून आम्ही अभ्यास करायचो. आयटीआयला गेले तेव्हा पहिल्यांदा टेबल मिळालं, तेही तिरकं, ड्रॉइंग बोर्डाचं. पुढे बोर्ड गेला, संगणक आला आणि शेवटच्या दहा वर्षांत पॅरामेट्रिक मॉडेलिंग आलं. त्या शब्दाला घाबरून माझ्या दोन सहकाऱ्यांनी लवकर निवृत्ती घेतली. मला मात्र ते पहिल्या आठवड्यातच आवडलं.

साध्या संगणकी चित्रात टेबल म्हणजे नुसत्या रेघा असतात. उंची बदलायची तर पाय, आडव्या पट्ट्या, भोकं, सगळं पुन्हा काढा. पॅरामेट्रिकमध्ये मी रेघा सांगत नाही, नाती सांगते. पाय फळीच्या काठापासून इतका आत, पट्टी पायाच्या तिसऱ्या हिश्श्यावर, फळी जितकी लांब तितके खालचे आधार जास्त. मग उंचीचा एक आकडा बदलला की बाकीचं सगळं आपापल्या जागी सरकतं. शिवणकाम येणाऱ्या बाईला हे लगेच कळतं. छातीचं माप बदललं की मुंढा, गळा, बाही ती त्या हिशेबाने कापते, दर वेळी ब्लाऊज नव्याने शोधून काढत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही श्रीवर्धनला राहायला आलो आणि मी घरूनच फर्निचरचे आराखडे करू लागले. आराखडा माझा, काम युसुफभाईंचं. युसुफभाई मुरुडचे. आगरदांड्याहून बोटीने खाडी ओलांडून दिघीला उतरतात आणि एसटीने माझ्याकडे येतात. आमची जोडी जमली ती एका होमस्टेवाल्यामुळे. त्याला मोबाइलमधल्या फोटोसारखं दहा माणसांचं जेवणाचं टेबल हवं होतं. त्याच्या खोलीचा दरवाजा अरुंद, बाहेर लगेच जिना. मी मॉडेलमध्ये दरवाजाची रुंदी हाही एक आकडा घातला आणि टेबल दोन तुकड्यांत केलं. टेबल लागल्यावर गृहस्थ म्हणाले की फोटोत मधली ही फट नाही. युसुफभाईंनी हातातला रंधा खाली ठेवला आणि म्हणाले, “फोटोत तुमचा दरवाजापन नाय, शेठ.” त्या दिवसापासून मी दुसऱ्या सुताराचा विचार केला नाही.

तर वसंतराव. त्यांच्या तीन सुपारीच्या वाड्या आहेत, शिवाय आसपासच्यांची सुपारी ते विकत घेतात. घरामागे वखार आहे. तिथे सहा बायका जमिनीवर बसून सोललेली सुपारी निवडतात. मोठी, मध्यम, बारीक, फुटकी आणि पोकळ असे ढीग करायचे. पोकळ सुपारी बाहेरून अगदी चांगल्या सुपारीसारखी दिसते. ती चांगल्यात गेली की व्यापारी अख्खं पोतं परत पाठवतो.

या सहा जणींत सगळ्यात जुन्या मंजुळाबाई. वसंतरावांच्या वडिलांच्या काळापासून त्या या वखारीत येतात. ठेंगण्या, किरकोळ बांध्याच्या. त्यांचा ढीग कोणी पुन्हा तपासत नसे. पण त्या वर्षी थंडीत त्यांचे गुडघे गेले. खाली बसलं की उठता येईना, दोघींनी धरून उठवावं लागे. वसंतराव वाईट माणूस नाहीत. त्यांनी मंजुळाबाईंना प्रेमानेच सांगितलं की आता घरी बसा, खूप केलंत. मंजुळाबाई दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आल्या आणि भिंतीला टेकून उभ्यानेच, सुपात सुपारी घेऊन निवडू लागल्या. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी वसंतराव माझ्याकडे आले आणि म्हणाले की मला एक टेबल पाहिजे, बाजारात मिळतं तसलं नको, या बायांना बसेल असं.

मी टेप घेऊन वखारीत गेले. प्रत्येकीला ताठ उभं केलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घेतलं. हाताने करायचं काम कोपराच्या थोडं खाली असलं की खांदे दुखत नाहीत, हा साधा नियम आहे. गुडघ्यामागून जमिनीपर्यंतचं माप घेतलं, म्हणजे उंच स्टुलाला टेकून बसताना पाय कुठे ठेवायचा ते ठरतं. मान किती वाकवावी लागते ते बघायला डोळ्यांची उंची घेतली. मंजुळाबाई म्हणाल्या की लग्नातसुद्धा माझी एवढी मापं कोणी घेतली नव्हती. सगळ्यात उंच शोभा आणि सगळ्यात ठेंगण्या मंजुळाबाई यांच्या कोपरांत सहा इंचांचा फरक निघाला.

आणि तिथेच मला माझी हुशारी सुचली. सहा टेबलं कशाला? एकच लांब टेबल करायचं, एका टोकाला उंच, दुसऱ्या टोकाला सहा इंच कमी. बायका उंचीप्रमाणे रांगेत बसतील. अठरा फुटांत सहा इंच म्हणजे उतार इतका हलका की डोळ्याला कळणारही नाही. सुपारीचं बूड चपटं असतं, ती गडगडणार नाही, हेही मी बघून घेतलं. मॉडेल इतकं देखणं झालं की मी ते नवऱ्याला जेवता जेवता दाखवलं.

युसुफभाईंनी जुन्या प्लायवूडचा नमुना केला. नमुना म्हणजे खरं टेबल नव्हे, चुका करायचं टेबल. स्वस्तात करायचं, वापरून बघायचं, मोडायचं. त्यांनी तो वखारीत लावला, शोभाच्या टोकाला पोतं ओतलं, बायका बसल्या. एकेकटी सुपारी खरंच गडगडली नाही. पण निवडताना हात लागतो, ढीग सरकवला जातो, आणि दर वेळी सरकलेली सुपारी उताराच्या बाजूलाच जाते. तासाभरात शोभासमोर मोकळी फळी आणि मंजुळाबाईंसमोर छातीपर्यंत सुपारी. ती काठावरून खाली पडायला लागली तेव्हा त्यांनी पदराची ओटी केली आणि झेलत बसल्या. सगळ्या हसल्या, मंजुळाबाईही हसल्या. मला हसता आलं नाही. संगणकात मी सुपारी ठेवली होती, पण सुपारीला लागणारा हात ठेवला नव्हता.

दुसरा नमुना पायऱ्यांचा केला. टेबल एकच, पण सहा खण, प्रत्येक खण सपाट आणि ज्या त्या बाईच्या कोपराच्या हिशेबाने वरखाली. खणाला तिन्ही बाजूंनी बुटका काठ. मॉडेलमध्ये सहा जणींच्या नावांचा तक्ता केला. नावासमोरचं माप बदललं की तो खण, त्याचे पाय, त्याचं स्टूल, पाय ठेवायची दांडी, सगळं बदलायचं. या वेळी सुपारी जागच्या जागी राहिली. एकच तक्रार आली की प्लायवूडवर सुपारी उडते आणि आवाज फार होतो. मी लगेच उपाय केला. फळीवर पातळ फोम आणि वरून रेक्झिन. वखार शांत झाली. वसंतराव म्हणाले की आता कसं ऑफिससारखं वाटतं. मी फोटो काढून माझ्या जुन्या कार्यालयातल्या लोकांना पाठवले. तिथल्या एका इंजिनिअरने शाबासकीच्या अंगठ्याचं चिन्ह पाठवलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

शिमग्याच्या सुमाराला वाशीच्या व्यापाऱ्याकडून दोन पोती परत आली. पोकळ सुपारी निघाली होती. वसंतरावांनी प्रत्येकीच्या ढिगातली मूठभर सुपारी अडकित्त्याने कातरून पाहिली. थोडी थोडी पोकळ सगळ्यांकडे होती, पण सगळ्यात जास्त मंजुळाबाईंकडे निघाली. त्यांनी आणखी एक मूठ कातरली. तेच.

ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मंजुळाबाईंना त्यांनी पोती शिवायला बसवलं. त्यांचा खण रिकामा राहिला. शोभाने मला फोन करून हे सांगितलं आणि वर असंही म्हणाली की वयाप्रमाणे नजर जाते, कोणाचा इलाज नाही. मी फोन ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं, की ज्या बाईचं काम टिकावं म्हणून मी हे टेबल केलं, तिचं काम याच टेबलावर गेलं. कसं गेलं ते मात्र कळत नव्हतं. मापं बरोबर होती. मी तीनदा तपासली.

मी वखारीत जाऊन बसायला लागले. कारखान्यात साहेब लोक असे येऊन उभे राहिले की आम्हाला राग यायचा, ते आठवून मीही पोती शिवायला घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला सगळ्या बाहेर आल्या. मंजुळाबाई दगडी पायरीवर बसल्या होत्या. शेजारी सांडलेल्या आठ-दहा सुपाऱ्या पडल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी त्यातली एक उचलली, वीतभर उंचीवरून पायरीवर टाकली आणि डावीकडे सारली. दुसरी टाकली, डावीकडे. तिसरी टाकली आणि उजवीकडे. त्यांचं लक्ष सगळं शोभा सांगत असलेल्या गोष्टीकडे होतं, सुपारीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी उजवीकडची सुपारी उचलून आत नेली आणि कातरली. आतून काळी पडलेली, पोकळ.

मी बाहेर येऊन आणखी वीस सुपाऱ्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि निवडायला सांगितलं. त्यांनी प्रत्येक टाकून निवडली. मी वीसच्या वीस कातरल्या. एक चुकली होती.

म्हणजे इतकी वर्षं त्या डोळ्यांनी नव्हे, कानांनी निवडत होत्या. वखारीच्या फरशीवर सुपारी टाकली की भरीव सुपारीचा आवाज वेगळा, पोकळ सुपारीचा वेगळा. भिंतीला टेकून चार दिवस उभ्याने निवडलं ते सुपात टाकून. प्लायवूडवर थोडंफार ऐकू यायचं. आणि मी शहाणीने फोम घालून वखार शांत केली होती.

मी त्यांना विचारलं की हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत. मला वाटलं त्या म्हणतील, लाज वाटली किंवा भीती वाटली.

“तू कोपर इचारलंस, गुडघा इचारलास, डोळं इचारलंस,” त्या म्हणाल्या. “कान न्हाय इचारलास, बाय. मला वाटलं, या टेबलाला कानाचं काम न्हाय.”

त्यांनी हे तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. पण सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही साहेबाचं बोलणं मला इतकं लागलं नव्हतं. आवाज फार होतो अशी तक्रार कोणी केली होती, तेही मी आठवून पाहिलं. ती वसंतरावांची होती. सहा जणींपैकी एकीचीही नव्हती.

मी वसंतरावांना सगळं सांगितलं. त्यांना पटकन पटलं नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या कानासाठी टेबल पुन्हा कशाला करायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी पावसाआधी तिसरा नमुना देते म्हणाले, आणि तोही फसला तर पुन्हा तुमच्या वखारीत पाय ठेवणार नाही. हे बोलायची गरज नव्हती. पण बोलून गेले.

युसुफभाईंना फोन केला. ते म्हणाले की मॅडम, आवाज पाहिजे तर फणस घ्या, मृदंगाला लोक उगाच फणस घेत नाहीत. वसंतरावांच्या वाडीत मागे वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या तशाच रचून ठेवलेल्या होत्या, चांगल्या मुरलेल्या. युसुफभाईंनी त्यातून सहा तुकडे काढले, चार सुतांपासून नऊ सुतांपर्यंत, वेगवेगळ्या जाडीचे. आठ सूत म्हणजे एक इंच. मंजुळाबाई पाठमोऱ्या बसल्या. युसुफभाई एकेका फळीवर एक भरीव आणि एक पोकळ सुपारी टाकत गेले. नऊ सुतांच्या फळीवर दोन्हींचा आवाज सारखाच. चार सुतांची फळी ढोलासारखी घुमायची, त्यात फरक बुडून जायचा. पाच सुतांवर त्या म्हणाल्या, “ही.” आम्ही क्रम बदलून पुन्हा टाकल्या. पुन्हा तीच.

आता खरी अडचण आली. पाच सुतांची फळी एवढ्या लांबीला सुपारीच्या वजनाने वाकणार. वाकू नये म्हणून खाली मधोमध पट्टी दिली की फळी तिथे मुकी होते, आवाज मरतो. आधार द्यायचा तर फक्त काठांना, आणि मग खण अरुंद करायला हवा. खण अरुंद केला की कोपर काठाला लागतं. एक धरलं की दुसरं सुटतं, असं ते नात्यांचं जाळं होतं. पण नात्यांचंच तर हे काम आहे. मी मॉडेलमध्ये फळीची जाडी पक्की केली, मधला आधार पूर्ण काढला आणि बाकी सगळ्यांना तिच्याप्रमाणे चालायला लावलं. एका दुपारी मी चौदा टेबलं केली. बोर्डावर काढायची असती तर दोन महिने गेले असते. चौदावं उभं राहिलं. खण थोडे अरुंद आणि पुढचा काठ कोपरासाठी आत वळवलेला, अर्ध्या चंद्रासारखा. ते वळण आकडे बदलता बदलता मला सापडलं, मी आधी कल्पना केली नव्हती.

त्याचा नकाशा मी मुरुडला घेऊन गेले. युसुफभाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि एकाच ठिकाणी बोट ठेवलं. मी फळी काठाला स्क्रूने आवळली होती.

“कंप्युटरात पाऊस नाय पडत, मॅडम,” ते म्हणाले. “हिकडं चार महिने लाकूड फुगतं. आवळलं की फाटनार.”

त्यांनी स्क्रू काढून टाकले. काठाच्या पट्टीला आतून खाच पाडायची आणि फळी त्यात सैल बसवायची, देव्हाऱ्याच्या दारात फळी बसवतात तशी. फुगली तर सरकायला जागा राहते. मला त्यात आणखी एक फायदा दिसला. सैल फळी आवळलेल्या फळीपेक्षा मोकळी वाजते. मी खाचेची खोली मॉडेलमध्ये घातली. आकडा युसुफभाईंनी दिला, त्यांच्या करंगळीच्या नखाएवढा.

खाचा आणि वळणाचे काठ माणगावला एकाच्या संगणकी मशीनवर कापून आणले, जोडणी युसुफभाईंनी हाताने केली. मे महिना संपायला आला होता. टेबल वखारीत लागलं तेव्हा वसंतरावांनी मंजुळाबाईंना स्वतः जाऊन बोलावलं. त्या स्टुलाला टेकल्या, पाय दांडीवर ठेवला, खण भरून घेतला. पहिली सुपारी टाकली. मग थांबल्या, दुसरी टाकली. मग हात सुरू झाला. इतर पाच जणी आपापल्या खणात निवडत होत्या, त्यांचेही आवाज होतेच. एवढ्या कलकलाटात तुम्हाला तुमची सुपारी कशी ऐकू येते, असं मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या की पंगतीत आपलं नाव कोणी घेतलं तर ऐकू येतंच की.

संध्याकाळी वसंतरावांनी मंजुळाबाईंच्या चांगल्या ढिगातून दोन मुठी सुपारी उचलली आणि सगळ्यांसमोर कातरली. सगळी भरीव. त्यांनी तिसरी मूठ घेतली. त्यात एक पोकळ निघाली. मंजुळाबाई म्हणाल्या की ती पहिल्यांदा टाकलेली असेल, तेव्हा कान बसायचा होता. वसंतरावांनी अडकित्ता मिटला आणि म्हणाले की उद्यापासून पोती शोभाचा नवरा शिवील.

शिमग्यापासून मे अखेरपर्यंत मंजुळाबाई नजर गेलेली म्हातारी म्हणून सगळ्यांसमोर बसल्या, ते मला भरून देता येत नाही. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत, मी विसरत नाही. पण टेबल चांगलं झालं आहे. आज ते बघायला लोक येतात. दोन बागायतदारांनी तसंच मागितलं आणि दोन्हीकडे मी तक्त्यातली नावं आणि मापं बदलून वेगळं टेबल दिलं. तक्त्यात आता एक रकाना जास्त आहे. तो भरायला मी टेप नेत नाही, फणसाच्या सहा फळ्या नेते.

एक गोष्ट राहिली. प्रत्येक आराखड्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. रचना कोणाची, आरेखन कोणाचं, तपासलं कोणी, असे तीन रकाने. सत्तावीस वर्षं माझी सही दुसऱ्या रकान्यात होती. पहिल्यात इंजिनिअर, तिसऱ्यात त्याच्यावरचा इंजिनिअर. माझी रचना असली तरी ती जागा माझी नसे, आणि मी कधी भांडलेही नाही. या टेबलाचा शेवटचा नकाशा छापून आणला तेव्हा पहिल्या रकान्यात मी माझं आणि युसुफभाईंचं नाव लिहिलं. दुसऱ्यात पुन्हा माझं. तिसरा रिकामा ठेवून मी तो कागद वखारीत घेऊन गेले आणि मंजुळाबाईंच्या खणात पसरला.

इथे सही करा, असं मी त्यांना म्हणाले. त्यांनी हात पदराला पुसले. त्यांना सही येते, रोजगाराच्या वहीत त्या अंगठा देत नाहीत. पण पेन हातात घेऊन त्या थांबल्या.

“इथं नाव लिवलं म्हंजे काय?”

मी म्हणाले, “म्हणजे हे तुम्ही तपासलंत आणि बरोबर आहे म्हणालात. चूक निघाली तर तुम्हाला विचारायचं.”

त्यांनी डाव्या हाताची बोटं फळीवर एकदा वाजवून पाहिली.

“मंग हाय बरोबर,” त्या म्हणाल्या, आणि एकेक अक्षर दाबून, चौकटीच्या बाहेर न जाऊ देता, आपलं पूर्ण नाव लिहिलं.